शके १७७३ च्या पत्रावर १८५४ चं तिकीट

"नवा तोळा की जुना?" सराफाने विचारलं.

प्रश्न रास्त होता. आज पेठेत तोळा म्हटलं की सरळ दहा ग्रॅम धरतात. मला हवा होता तो कंपनी सरकारच्या अमदानीतला, ११.६६ ग्रॅमचा. त्याने काटा शून्यावर आणला, तळहाताएवढ्या घडीचं ते पत्र दोन बोटांनी अलगद ठेवलं आणि काचेचं झाकण लावलं. पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलतो म्हणे.

"चार ग्रॅम नव्वद. जुन्या तोळ्याचा पाव म्हणजे दोन ब्याण्णवच्या आसपास, अर्धा म्हणजे पाच त्र्याऐंशी. तुमचं हे मधेच पडतंय." मग चष्म्यावरून बघत म्हणाला, "पण काका, यात सोनं कुठंय?"

सोनं नव्हतं. अठरा हजार रुपये होते, ते काही दिवसांपूर्वी मी मोजले होते, आणि ते बुडाले की नाही याचा निकाल आता त्या काट्यावर लागायचा होता.

काय घेतलं होतं

पुण्यातल्या एका तिकीट प्रदर्शनात विक्रेत्यांची टेबलं होती. त्यातल्या एकावर, पारदर्शक पिशवीत, हातकागदावरचं मोडी पत्र. पाकीट वेगळं नाहीच. त्या काळी बहुतेक लोक पत्राच्याच कागदाची घडी घालत, लाखेने किंवा खळीने चिकटवत आणि बाहेरच्या अंगावर पत्ता लिहीत. मुंबईहून पुण्याला. पत्ता मोडीत, एका कोपऱ्यात काळ्या शाईचा अर्धवट शिक्का, आणि वर उजवीकडे व्हिक्टोरिया राणीचं निळं अर्ध्या आण्याचं तिकीट. चारही बाजूंना समास. तिकिटावर ठिपक्यांचा हिऱ्याच्या आकाराचा शिक्का, त्याचे तीन ठिपके तिकिटाची कड ओलांडून पत्रावर उतरलेले. सोबत विक्रेत्याची पेन्सिलीतली चिठ्ठी: "मुंबई–पुणे, १८५४, अर्धा आणा निळा, टाय."

हा 'टाय' शब्द आमच्या मंडळींत फार वजनाचा. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर असला की तिकीट त्या पत्राशी बांधलं गेलं, असं मानतात. सुटं तिकीट कुणीही कुठेही चिकटवू शकतो, बांधलेलं नाही. निदान समजूत तशी आहे.

१८५४ चं एवढं काय, हेही सांगायला हवं. त्याआधी टपालाचा आकार अंतरावर आणि वजनावर ठरत असे. वॉरन हेस्टिंग्जने १७७४ मध्ये कंपनीची डाक लोकांना खुली केली, तेव्हा दर शंभर मैलांना दोन आणे पडत. डलहौसीच्या काळात १८५४ चा सतरावा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून अंतराचा हिशेबच गेला. पाव तोळ्याच्या आतलं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा, तोळ्यापर्यंत दोन. त्याच दिवसापासून साऱ्या देशासाठी तिकिटं आली. ती कोलकात्यात, सर्वेक्षण खात्याच्या कचेरीत कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली शिळाछापावर छापली गेली. अर्धा आणा आधी शेंदरी रंगात छापायला घेतला होता, पण विलायती शेंदरी शाई संपली आणि निळ्यावर यावं लागलं. त्या आधीच्या शेंदरी तिकिटाला संग्राहक कडेच्या नक्षीवरून 'साडेनऊ कमानी' म्हणतात आणि ते दिसलं की आवाज खाली आणतात. निळ्याच्या एका तावात ९६ तिकिटं, आठाच्या बारा ओळी. कडेला भोकं नाहीत. पोस्टातला बाबू किंवा गिऱ्हाईक कात्रीने कापून घेई. कात्री जशी चालली तसा समास राहिला, म्हणून चारही बाजू शाबूत असलेलं तिकीट कमी सापडतं.

तरी सुटं, वापरलेलं निळं अर्धा आणा काही दुर्मिळ नाही. कुठल्याही बऱ्या अल्बममध्ये एखादं असतंच. पण तेच तिकीट पहिल्या काही महिन्यांतल्या मोडी पत्रावर, शिक्क्याने बांधलेलं, म्हटलं की भाव एकदम चढतो. कारण आपल्या आधीच्या दोन पिढ्यांनी पत्रं फेकली आणि तिकिटं ठेवली. माझे एक काका रविवारी सकाळी घमेल्यात पाणी घेऊन बसायचे, त्यात पाकिटांचे कापलेले कोपरे तरंगत असायचे. तिकिटं वर्तमानपत्रावर वाळत, बाकीचं बंबात. पेढ्यांची दप्तरं किलोवर रद्दीत गेली ती वेगळीच.

मी घासाघीस करून अठरा हजारांना सौदा केला. घासाघीस मनापासून केली नाही, हे कबूल करतो. विक्रेत्याने पिशवी परत ठेवायला हात पुढे केला आणि मी घाबरलो.

आतलं पत्र

पहिल्या दोन रात्री मी फक्त तिकीट बघितलं. दहापट भिंग, टेबलावरचा दिवा. राणीच्या केसांच्या रेघा, मानेवरची छटा, शिळाछापाची ती किंचित पसरट शाई. सगळं जागच्या जागी. ठिपक्यांचा शिक्काही त्या काळचाच. तिकीट बनावट नव्हतं, आणि ते आजही बनावट नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, "अहो, आत काय लिहिलंय?"

मी घडी उघडलीच नव्हती. पंचवीस वर्षं हा नाद आहे आणि अठरा हजारांचं पत्र मी वाचलं नव्हतं. वाचता येत नाही असंही नाही. एका उन्हाळ्यात मोडीचा वर्ग केला होता, मायना आणि आकडे अडखळत का होईना लागतात. शेवटच्या ओळीत मिती असते, म्हणून तिथेच गेलो. "आषाढ शुद्ध ८ शके १७७" आणि पुढचा आकडा घडीवर आलेला, शाई खरवडलेली. मी तो ६ वाचला. १७७६ अधिक ७८ म्हणजे १८५४. बरोबर बसलं! पुढे संवत्सराचं नाव होतं, ते लागेना, सोडून दिलं.

रात्री दिवा मालवल्यावर डोक्यात आलं: आषाढ.

१८५४ चा आषाढ म्हणजे जून-जुलै. तिकिटं लागू झाली १ ऑक्टोबरला, म्हणजे आश्विनात. विक्रेत्याची चिठ्ठी खरी मानली तरी पत्र तिकिटाच्या तीन महिने आधीचं होतं. एखादं पत्र तीन महिने पडून राहून मग टाकलं असेल, अशी मीच माझी समजूत घालू लागलो. पैसे गेले की माणूस फार सुपीक डोक्याचा होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आधी सराफ गाठला.

काट्याने दुसरा घाव घातला. चार ग्रॅम नव्वद म्हणजे पाव तोळ्याच्या खूपच वर. १८५४ च्या दराने या पत्राला एक आणा पडायला हवा, वर तिकीट अर्ध्या आण्याचं. यात तिकिटाचं स्वतःचं वजन धरलं तरी नगण्य, आणि दीडशे वर्षांत कागद वाळून हलकाच होतो, जड नाही. पुढे १८६९ मध्ये दर उतरून अर्ध्या आण्यात अर्धा तोळा जाऊ लागला, तेव्हाचं असतं तर वजन जुळलं असतं. पण तोवर शिळाछापाची ही तिकिटं मागे पडून विलायतेत छापलेली, भोकांच्या कडेची तिकिटं येऊन जमाना झाला होता.

मग बाईंकडे गेलो. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या आणि गावातले निम्मे लोक आपापली जुनी खतं घेऊन ज्यांच्या ओट्यावर बसतात, त्या. त्यांनी पत्र उजेडाकडे धरलं. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, लेखणी उचलायची नाही हाच मुळी तिचा धर्म. पण बाईंचं बोट थांबत नव्हतं. मितीशी आल्यावर थांबलं.

"तू हा ६ वाचलास?"

"हो."

"३ आहे. शाई गेलीय म्हणून पोट उलटं वाटतंय. आणि आकड्यावर कशाला जातोस? पुढे नाव दिलंय की. विरोधकृत् नाम संवत्सरे. १७७३ ला विरोधकृत्. १७७६ ला आनंद नाम संवत्सर होतं." पत्र माझ्या हातात देत म्हणाल्या, "आनंद तुला झाला. पत्रात नाही."

साठ संवत्सरांचं चक्र असं कामाला येतं. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो प्रभवापासूनचा क्रमांक. १७७३ ला बाकी ४५, म्हणजे विरोधकृत्. १७७६ ला ४८, म्हणजे आनंद. आकडा पुसला, खाडाखोड झाली, कुणी मुद्दाम गिरवला, तरी नाव साक्ष देतं. पत्र १८५१ च्या जुलैच्या पहिल्या पंधरवड्यातलं होतं. तिकीट अस्तित्वात येण्याच्या तीन वर्षं आधीचं.

आणि ते पत्र काय सुंदर निघालं! मुंबईतल्या गुमास्त्याने पुण्यातल्या धन्याला लिहिलेलं. मायना, साष्टांग नमस्कार, येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, हे सगळं रिवाजाप्रमाणे. मग एकदम तांदूळ. पावसाळा तोंडावर असताना गोण्या मचव्यातून पनवेलला रवाना केल्या, तिथून बैलांवर घाट चढायच्या होत्या, पोहोचल्या की नाही याचा काही मजकूर नाही. त्या वर्षी रेल्वे नव्हती. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये, आणि बोरघाटातून रूळ पार व्हायला १८६३ उजाडलं. १८३० मध्ये खुली झालेली घाटातली सडक एवढाच काय तो रस्ता. गुमास्त्याच्या जिवाला घोर होता, कारण गोण्या हुंडीच्या भरवशावर उचलल्या होत्या आणि सावकार दारात येत होता.

शेवटाकडे एक वाक्य आहे, त्यानेच पुढचं सगळं उलगडलं. पत्राचा पैका इथे भरलेला नाही, तो तिथे द्यावा, म्हणजे डाकवाला पैक्यासाठी तरी घर शोधत येईल, अशा अर्थाचं. पैसे आधी भरले की पत्र वाटेत कुठेही पडून राहील आणि विचारणारा कुणी नाही, हा त्या काळचा व्यवहारी हिशेब होता. अशा पत्राला इंग्रजीत 'बेअरिंग' म्हणत. हिंदीतलं 'बैरंग लौटना' त्याच्यावरूनच आलं. आपल्याकडे नंतर 'नॉटपेड' रूढ झालं, ते पोस्टमन घेऊन आला की घरातल्यांचे चेहरे आधी बघण्यासारखे होत.

तिकिटाखाली

कोपऱ्यातला तो अर्धवट काळा शिक्का मी इतके दिवस 'अर्धवट' म्हणून सोडून दिला होता. तो अर्धवट नव्हता. त्याच्यावर तिकीट बसलं होतं. तिकिटाच्या कडांतून दोन इंग्रजी अक्षरं बाहेर डोकावत होती: डाव्या कडेतून 'बी', आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातून 'जी'ची शेपटी. घडी पूर्ण उघडून कागदाचा एकच पदर मोबाइलच्या दिव्यावर धरला तेव्हा निळ्या राणीच्या पोटातून मधली अक्षरं गडद होऊन वर आली. बेअरिंग.

इथे क्षणभर थांबून समोरच्याची बाजूही मांडतो, कारण विक्रेत्याने ती मांडलीच. तिकीट कमी पडलं की पत्र पूर्ण भरलेलं मानत नसत, उरलेली वसुली घेणाऱ्याकडून करत. मग असं का नसेल, की एक आण्याच्या जागी अर्ध्या आण्याचं तिकीट लावलं आणि पोस्टाने वर बेअरिंगचा शिक्का मारला? युक्तिवाद चांगला आहे, आणि वजनाशीही जुळतो. फक्त तसं असतं तर शिक्का तिकिटाच्या वर पडला असता, किंवा बाजूला. तिकिटाखाली जायला त्याला वाट नव्हती. शिक्का आधी, तिकीट नंतर, हा क्रम कागदानेच सांगितला.

राहिले ते तीन ठिपके, पत्रावर उतरलेले, ज्यांच्यासाठी मी पैसे मोजले होते. भिंगाखाली तिकिटावरचे ठिपके आणि कागदावरचे ठिपके शेजारी शेजारी बघितले तेव्हा मला माझीच लाज वाटली. तिकिटावरचा ठिपका दाबाने बसलेला असतो, कडेला शाई जरा जास्त, मधे विरळ, भोवती तेलाची पिवळट झाक. कागदावरचे तिन्ही मधे सर्वांत गडद, आणि कडेने तंतूंत पाय पसरलेले. ते मारलेले नव्हते, निबाने टेकवलेले होते. त्यांची ओळही शिक्क्याच्या ओळीशी केसभर चुकत होती. अतिनील किरणांच्या विजेरीखाली तिकिटाच्या कडेची खळ निळसर चमकली. जुना डिंक असा चमकत नाही.

म्हणजे कुणीतरी एक खरं सुटं तिकीट घेतलं, एक खरं जुनं पत्र घेतलं, आणि दोघांचं लग्न लावलं. आमच्या नादात अशांना चेष्टेने 'जुळवलेली जोडपी' म्हणतो. तिकिटासाठी नेमकी बेअरिंगच्या शिक्क्यावरची जागा निवडली यावरून त्याला त्या शिक्क्याचा अर्थ कळत होता. कळत नव्हती ती मोडी. किंवा मोडी कोण वाचतंय, असा त्याचा हिशेब असेल, आणि तिसऱ्या दिवसापर्यंत तो माझ्या बाबतीत बरोबर होता.

विक्रेत्याशी बोलणं

फोनवर नको म्हणून प्रत्यक्ष गेलो. त्यांनी चहा मागवला.

"सर, तिकीट तर खरं आहे ना?"

"तिकीट खरं आहे, शेठ. पत्रही खरं आहे. एकमेकांचे नाहीत."

आधी ते सिंधवर गेले. 'सिंध डाक' नावाची तिकिटं १८५२ मध्येच आली होती, मग १८५४ च्या आधी तिकीट नव्हतंच असं कसं म्हणता? आली होती हे खरं. बार्टल फ्रिअर सिंधचे कमिशनर असताना १ जुलै १८५२ ला अर्ध्या आण्याची ती तिकिटं निघाली, आशियातली पहिली, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पण ती चालली सिंधमधल्या डाकेत. दिसायला गोल ठशाची, राणी नाही, कंपनीचं चिन्ह. माझ्या पत्रावर राणी होती, आणि तीही कोलकात्याची. आणि पत्र तर १८५२ च्याही आधीचं.

मग बेअरिंगचा तो युक्तिवाद, जो वर आलाच. मग, "आम्हालाही असंच आलं, एका घरातला सगळा माल उचलला." याच्यावर मी अर्धा विश्वास ठेवतो. त्यांना मोडी येत नव्हती, चिठ्ठीवरचं साल त्यांच्याही आधी कुणीतरी टाकलेलं असू शकतं. रोख परत द्यायला तयार झाले नाहीत. अखेर ठरलं ते असं: पत्र माझ्याकडे, आणि दहा हजारांपर्यंतचा दुसरा माल मी त्यांच्याकडून हवा तेव्हा उचलायचा. काही मित्रांनी मला यावरून झोडपलं. तक्रार करायला हवी होती, म्हणाले. असेल. पण पत्र परत दिलं असतं तर पुढच्या प्रदर्शनात ते पुन्हा त्याच चिठ्ठीसह दुसऱ्या टेबलावर दिसलं असतं, ही खात्री मला होती.

लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवून दाखला घ्यावा, असंही एकाने सुचवलं. दाखला कशाचा घ्यायचा? बनावट जोडणी आहे हे मला कागदाने सांगितलं होतं. शिवाय १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा कागद खासगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही. हा विचार परदेशी लिलावात उत्साहाने माल धाडणाऱ्यांनी एकदा करावा, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

काढावं की ठेवावं

खरा वाद इथे झाला, आणि तो आमच्या मंडळात अजून मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, लबाडी ही आता त्या वस्तूच्या इतिहासाचा भाग आहे, हात लावू नका, खाली टीप लिहा. दुसरी म्हणते, त्या तिकिटाने १८५१ चा शिक्का गिळलाय, तो मोकळा करा. मी दुसऱ्या बाजूचा झालो. टिपा सुट्या होतात, हरवतात, आणि वीस वर्षांनी माझ्या पश्चात घरातल्यांनी हे कुणाला विकलं तर टीप आधी जाईल आणि तिकीट तसंच राहील.

घरच्या घरी वाफेवर मात्र धरलं नाही. मोडीची शाई काजळीची असते, ती पाण्यात सहसा विरघळत नाही पण कागदाच्या अंगावर बसलेली असते, ओल आणि घासणं दोन्ही मिळाली की उठू शकते. कागदपत्रांच्या जतनाचं काम करणाऱ्या एका बाईंनी ते केलं. आधी दोन्ही बाजूंनी, दिव्यावर धरून आणि अतिनील किरणांत फोटो काढले. मग त्यांनी त्या तीन ठिपक्यांपैकी एकावर ओलसर टीपकागदाचा तांदळाएवढा तुकडा टेकवला आणि मनात वीस मोजले. उचलला तेव्हा त्याच्यावर निळा डाग होता. दौतीतल्या शाईच्या पेनचा निळा, शाळेतला. तिकिटावरच्या ठिपक्याला तसाच तुकडा लावला तर तो कोरा निघाला.

तिकीट सुटायला दुपार गेली. चारही बाजूंनी ओलसर टीपकागद, वर काच, मधूनमधून चपट्या चमच्याने कड तपासायची. सुटलं तेव्हा त्याच्या पाठीला दुसऱ्याच कागदाचा पातळ पापुद्रा होता, पिवळसर, या पत्राच्या पोताशी न जुळणारा. म्हणजे ते कधीतरी दुसऱ्या एका पत्रावर होतं, कुणाच्या तरी घमेल्यात घाईघाईने सोडवलेलं. माझ्या काकांच्या असेल, सांगता येत नाही.

खाली बेअरिंगचा लंबगोल शिक्का अख्खा होता, काळा कुळकुळीत, तिकिटाने झाकल्यामुळे बाकीच्यापेक्षा ताजा. त्याच्या शेजारी बोरूने काढलेली आण्यांची खूण, पुण्याच्या धन्याकडून वसूल करायची रक्कम.

आता अल्बमच्या एकाच पानावर तीन वस्तू आहेत. मधे पत्र, तिकिटाशिवाय. डावीकडे पारदर्शक कप्प्यात तिकीट, पाठीचा पापुद्रा दिसेल असं उलटं ठेवलेलं. उजवीकडे तो निळ्या डागाचा टीपकागद. गेल्या प्रदर्शनात पान लावलं होतं तेव्हा लोक टीपकागदापाशीच जास्त थांबले.

उरलेले दहा हजार

चार महिन्यांनी त्या विक्रेत्याकडे हिशेब पुरा करायला गेलो. चांगल्या वस्तूंचा अल्बम त्यांनी पुढे केला, एडवर्डच्या वेळची पाकिटं, संस्थानांची तिकिटं, एक बरं कोचीन. माझं लक्ष टेबलाखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्याकडे गेलं. वर कागद चिकटवलेला: कोणतंही १०० रु. मोडी कागद, तिकीट नसलेले, म्हणून शंभरात.

खाली बसून चाळत होतो. चाळिसाव्या की पन्नासाव्या कागदावर हात थांबला, कारण त्या गुमास्त्याचा 'श्री' मी ओळखायला लागलो होतो. उभ्या रेघेला खाली एक उगाच हिसका देतो तो. तीच मुंबई, तोच पुण्यातला पत्ता. मिती श्रावण वद्य, शके १७७३.

"हे घेऊ?"

"सर, त्यात काहीच नाहीये. कोरं आहे." त्यांचा अर्थ, तिकीट नाही.

शंभर रुपये रोख दिले, दहा हजारांतून वळते केले नाहीत. बाईंच्या ओट्यावर उघडलं. तांदूळ पोहोचले होते. दोन गोण्या घाटात भिजल्या होत्या, आणि त्यांचे पैसे कुणी सोसायचे यावर दोन पानं होती.